नारायण पेठेतला एक जादा पॉइंट

काकूंची तक्रार विजेबद्दल नव्हतीच. श्रावण लागून चार दिवस झाले होते आणि त्यांच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास बोंबील भाजल्यासारखा वास येत होता. घर पक्कं शाकाहारी, त्यामुळे संशय सरळ खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडावर गेला. "श्रावणात तरी पाळायला नको का?" हे वाक्य जिन्यात, खाली ऐकू जाईल अशा बेताने, बोलूनही झालं होतं. मला फोन आला तो त्यांच्या मुलाचा आणि तोही वेगळ्याच कामासाठी. "ओट्यापाशी सोळा अँपिअरचा एक पॉइंट काढून द्यायचाय. सामान आणून ठेवलंय. खरं तर मीच लावला असता, पण आई नको म्हणते."

स्विच-सॉकेटचं कडक प्लास्टिक बऱ्याचदा युरिया रेझिनचं असतं आणि ते तापलं की मासळीसारखा वास सोडतं. वीस-बावीस वर्षं वायरिंग केल्यावर हा वास नाकाला ओळखीचा होतो. मी दारात चप्पल काढतानाच विचारलं, "साडेनऊला काय लावता?" उत्तर आलं, "इंडक्शनची शेगडी. पोळ्या झाल्या की भाजी तिच्यावर."

इमारत १९८०च्या दशकातली. तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ओट्याच्या टोकाला, फ्रिजशेजारी एकच बोर्ड, त्यावर सहा अँपिअरची दोन सॉकेटं. एकात फ्रिज. दुसऱ्यात मिक्सर, मायक्रोवेव्ह किंवा इंडक्शन, ज्याची पाळी असेल ते. इंडक्शनची पिन सोळा अँपिअरची म्हणजे जाड, ती लहान सॉकेटात जात नाही. म्हणून मधे कन्व्हर्जन प्लग. हा प्लग कोणत्याही दुकानात मिळतो आणि माझ्या मते घरातली सगळ्यात लबाड वस्तू आहे. जाड पिन बारीक भोकात जाऊ नये ही अडचण मुद्दाम करून ठेवलेली आहे, आणि हा प्लग नेमकी तीच दूर करतो.

शेगडी २००० वॉटची. २३० व्होल्टला भागा, ८.७ अँपिअर. सॉकेट सहाचं. आता त्या सॉकेटात कुठेतरी पितळी पट्टी सैल झाली आणि तिथे ०.२ ओमचा अडथळा आला असं धरा. ८.७ चा वर्ग गुणिले ०.२, म्हणजे साधारण १५ वॉट उष्णता. आपला जुना झिरोचा बल्ब प्रत्यक्षात १५ वॉटचाच असतो. तो बल्ब पेटवून हरभऱ्याएवढ्या जागेत कोंडल्यासारखंच हे झालं. कन्व्हर्जन प्लग काढला तर फेजच्या, म्हणजे वीज येते त्या, भोकाभोवती तपकिरी कडं होतं. खालच्या बिऱ्हाडाची निर्दोष मुक्तता तिथेच झाली, पण ती त्यांना कळवायची कशी हा प्रश्न काकूंनी पुढे ढकलला.

मुलाने तपकीर गल्लीतून आणलेलं सामान चांगलं होतं: सोळाचं सॉकेट, स्विच, डबी आणि दीड एमएमची (खरं तर चौरस मिलिमीटरची) पाच मीटर वायर. बेत असा की जुन्या बोर्डातून लूप घ्यायचा, म्हणजे तिथूनच वायर पुढे ओढायची, आणि हातभर अंतरावर नवा पॉइंट बसवायचा. काम अर्ध्या तासाचं. सॉकेटवर सोळाचा आकडा आला असता, मागची वायर मात्र तीच राहिली असती.

मागची वायर निघाली एक-अठरा. नव्या मुलांना हे माप ठाऊक नसतं. एकच तार, अठरा नंबर गेजची, क्षेत्रफळ १.२ चौरस मिलिमीटरच्या आत. दिवे-पंख्यांसाठी घातलेली. आणि डीबीत, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनी जिथून फुटतात त्या डब्यात, त्या वायरवर एमसीबी (ठरल्यापेक्षा जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच) होता ३२ अँपिअरचा. का, तर "आधीचा सारखा पडायचा, मग एकाने मोठा बसवून दिला." एमसीबी राखतो तो भिंतीतल्या वायरला. शेगडीशी त्याला काही देणंघेणं नाही. एवढ्या वायरवर ३२ चा एमसीबी लावला की वायर जळेपर्यंत तो शांत बसून राहतो.

मुलगा हिंजवडीत नोकरी करतो, हुशार आहे, त्याला हे लगेच पटलं. त्याने विचारलं, "मग जाड वायर आणून मी टाकू शकतो ना?" इथे कायद्याचं एक वाक्य सांगावं लागतं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४५ व्या नियमाने बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू बदलण्याची मोकळीक दिली, पण वायरिंगमध्ये भर घालणं किंवा फेरफार करणं परवानाधारक ठेकेदाराकडूनच आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हायला हवं असं सांगितलं. पुढे नियमांची नावं बदलली, ही अट राहिली. नवा पॉइंट ही भर आहे. पुणेकर एरवी कुणाची भीड धरत नाहीत, पण घरी येणाऱ्या माणसाला "तारतंत्री (वायरमनचा) परवाना दाखवा" असं म्हणायला इथेच का धरतात कळत नाही.

काम ठरलं ते असं. ओट्यासाठी डीबीपासून स्वतंत्र लाइन, चार एमएम तांब्याची, वर २० चा एमसीबी. तिच्यावर सोळाची दोन सॉकेटं, एक इंडक्शनला, एक मायक्रोवेव्हला. मायक्रोवेव्ह १२०० वॉट घेतो, म्हणजे दोन्ही एकदम चालले तर १४ अँपिअरच्या आसपास. जुन्या बोर्डावर फक्त फ्रिज आणि मिक्सर, आणि तिथला ३२ चा एमसीबी काढून १० चा. डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की लाइन तोडणारा स्विच), कारण घरात तो नव्हताच. वीजबिलावरचा मंजूर भारही पाहिला. गीझर, शेगडी आणि मायक्रोवेव्ह एकत्र धरले तर तो अपुरा होता, वाढीव भाराचा अर्ज मुलाने महावितरणकडे केला.

भिंत चार इंची विटांची. तिच्यात आडवी खाच मारत नेणं मला आवडत नाही, म्हणून केसिंग-कॅपिंग, म्हणजे भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीतून वायर. काकूंना पट्टी दिसणार याचं वाईट वाटलं. ओट्याच्या वर वीतभर उंचीवर आणि नळापासून चांगलं मीटरभर लांब सॉकेटं बसवली. काकूंना एक सॉकेट गॅसच्या शेगडीच्या बरोबर मागे हवं होतं, "म्हणजे वायर लोंबणार नाही." फोडणीचं तेल आणि वाफ रोज ज्या भिंतीवर उडते तिथे सॉकेट नको, एवढं ऐकून घेतलं त्यांनी.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी घडल्या. एकीत मी हुशार ठरलो, दुसरीत नाही.

हुशारीची आधी. मेन बंद केला आणि पंखा फिरतच राहिला. भारनियमनाच्या काळात घेतलेला इन्व्हर्टर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात अजून होता, आणि मेन गेल्याबरोबर त्याने निमूटपणे दिवे-पंखे उचलले. त्याची फेज ज्या डब्यांतून फिरते त्यांतले काही डबे स्वयंपाकघराच्या लाइनचेही आहेत. "मेन पाडलाय" म्हणून स्क्रू ड्रायव्हर घालणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. इन्व्हर्टर बंद केला, बॅटरीची वायर सोडली, मग हातातला मीटर आधी चालू असलेल्या एका ठिकाणी लावून तो नीट दाखवतोय याची खात्री केली, बंद जागी लावला, आणि वायरीला हात लावण्याआधी पुन्हा चालू जागी लावून पाहिला. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. टेस्टरवर तर मी सुरक्षेच्या कामात विसंबतच नाही.

दुसरी गोष्ट वीज चालू असतानाची. जुना बोर्ड उघडला तेव्हा अर्थच्या, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणाऱ्या तारेच्या, स्क्रूला हिरवी वायर नीट कसलेली दिसली. त्या काळच्या घरांत अर्थची वायर दिसणं हेच भाग्य. फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, यांच्यात २२९ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये २२८. शंभरचा बल्ब फेज-अर्थमध्ये धरला, लख्ख पेटला. मी वहीत लिहिलं: अर्थिंग आहे.

त्याच वहीत, तीन ओळी वर, काकूंचं एक वाक्य लिहिलेलं होतं. कधी शॉक बसलाय का, असं मी सवयीने विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "शॉक असा नाही हो. पण गेल्या आठवड्यात फ्रिजचं हँडल चावलं. ती शेगडी मधेच बंद पडून आपोआप परत सुरू झाली ना, अगदी तेव्हाच." शेगडी बंद पडणं आणि हँडल चावणं एकाच क्षणी. उत्तर मला आयतं मिळालं होतं, मी ते नुसतं लिहून घेतलं.

नवी लाइन टाकली. मीटरच्या खोलीतून वर आलेली आठ नंबरची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, तार डीबीत होती. ती खऱ्या अर्थची. नव्या सॉकेटांना तिथूनच हिरवी वायर नेली. आणि जाता जाता, चांगल्या हेतूने, नव्या सॉकेटच्या अर्थपासून जुन्या बोर्डाच्या अर्थला एक तुकडा जोडून टाकला. एकाला दोन अर्थ झाले तर बिघडलं कुठे?

वीज सुरू केली. आरसीसीबी टिकला. काकूंनी देवाला हात जोडून शेगडीवर पातेलं ठेवलं, बटण दाबलं, आणि आरसीसीबी पडला.

पहिला आरोप शेगडीवर. ती काढून १००० वॉटची इस्त्री लावली, तरी पडला. दुसरा आरोप इन्व्हर्टरवर, कारण इन्व्हर्टरचं न्यूट्रल कुठेतरी चुकीचं मिसळलं की आरसीसीबी असाच छळतो. इन्व्हर्टर पूर्ण सोडवला, तरी पडला. मग वैतागून स्वयंपाकघराचे दोन्ही एमसीबी खाली केले आणि मुलाला सांगितलं, गीझर लाव. गीझरची लाइन वेगळी, बाथरूम वेगळं, त्याला आज कुणी हातही लावला नव्हता. आरसीसीबी पडला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. घरातले एमसीबी एकपोली, म्हणजे फक्त फेज तोडतात. स्वयंपाकघराचे एमसीबी पाडले तरी तिथलं न्यूट्रल डीबीतल्या न्यूट्रल पट्टीला जोडलेलंच राहतं. कुठलीही वस्तू लावली की आरसीसीबी पडतो, आणि ज्या लाइनवर दोष आहे ती बंद असली तरी पडतो, याचा अर्थ न्यूट्रल कुठेतरी अर्थला चिकटलंय.

काकूंना मी सांगितलं ते असं. आरसीसीबी म्हणजे दारावर बसलेला वॉचमन, त्याचं काम फक्त मोजायचं. जेवढे बाहेर गेले तेवढे परत आले का? ३० मिलिअँपिअरच्या आतच फरक पडला की तो दार लावून घेतो. तुमच्या घराला मागचं दार फुटलंय. माणसं पळून गेलेली नाहीत, मागच्या दाराने घरीच चालली आहेत, पण वॉचमनच्या हिशोबात ती बेपत्ता. आकड्यांत सांगायचं तर वीज वाहू लागली की न्यूट्रल आणि खऱ्या अर्थमध्ये दीड-दोन व्होल्टचा फरक पडतो. अर्थच्या रस्त्याचा अडथळा २० ओम धरला तरी त्या वाटेने ७५ मिलिअँपिअर निघून जातात. घरात काही चालू नसताना फरक थोडा, म्हणून आरसीसीबी कसाबसा टिकत होता.

हे तपासायची रीत सोपी आहे. मेन बंद, इन्व्हर्टर सुटा, सगळ्या पिना सॉकेटातून बाहेर. आरसीसीबी खाली केला की तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, म्हणजे घरातलं न्यूट्रल बाहेरच्या जगापासून वेगळं झालं. आता डीबीतली न्यूट्रल पट्टी आणि अर्थ पट्टी यांच्यात मीटर बीपवर लावायचा. गप्प राहायला हवा. आमचा ओरडला. मग न्यूट्रलच्या वायरी पट्टीतून एकेक सोडवत गेलो. स्वयंपाकघराची जुनी सोडवली आणि मीटर गप्प झाला.

ती वायर शोधत दाराच्या वरपर्यंत आलो. तिथे एक गोल डबा होता, डिस्टेंपरच्या चार-पाच थरांखाली गेलेला, वर तोरणाचा खिळा. झाकण पातीने खरवडून काढलं. आत तीन वायरी हाताने एकत्र पिळलेल्या: डीबीकडून आलेलं काळं न्यूट्रल, स्वयंपाकघरात जाणारं काळं न्यूट्रल आणि स्वयंपाकघरातून आलेली ती आपली हिरवी वायर. वरची टेप वितळून गोळी झालेली. हिरवी वायर पुढे कुठेही जात नव्हती. तिचा प्रवास तिथेच संपत होता.

फ्रिज कधीतरी आला असणार, त्याला तीन पिना, आणि स्वयंपाकघरात अर्थ आणलेलाच नव्हता. कुणा कारागिराने डीबीपर्यंत वायर ओढायचा कंटाळा केला आणि न्यूट्रललाच अर्थ म्हणून टाकलं. फसवणूक बेमालूम होते, कारण ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेलंच असतं. त्यामुळे फेजपासून मोजलं की २२८ येणारच. बल्बही लख्खच पेटणार. मीटर व्होल्ट दाखवतो, वायरच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते दाखवत नाही. हे मला माहीत होतं आणि तरी मी लिहिलं, अर्थिंग आहे.

आता काकूंचं वाक्य वाचा. पिळलेला सांधा शेगडीच्या ८.७ अँपिअरने रोज तापत होता आणि सैल होत होता. एका क्षणी डीबीकडून येणारं न्यूट्रल त्या पिळातून सुटलं. शेगडी बंद पडली. पण स्वयंपाकघराचं न्यूट्रल आणि हिरवी वायर अजून एकमेकींना धरून होत्या. फेज शेगडीतून आणि फ्रिजच्या मोटारीतून या न्यूट्रलवर आली, पुढे जायला रस्ता नाही, म्हणून हिरव्या वायरीने परत फिरून फ्रिजच्या पत्र्यावर चढली. पत्र्याला अर्थ असता तर काही झालं नसतं. इथे अर्थच्या पिननेच वीज पत्र्यावर आणून सोडली. तीन पिनांतली अर्थची पिन मुद्दाम लांब आणि जाड करतात, आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून, आणि या घरात तीच सगळ्यात घातक होती. सांधा क्षणात परत चिकटला आणि काकूंच्या पायात सपाता होत्या, म्हणून "चावलं" एवढ्यावर भागलं. नुसती दोन पिनांची वायर असती तर ती यापेक्षा बरी होती, असं मी एरवी कधी म्हणणार नाही.

दुरुस्ती थोडक्यात. हिरवी वायर दोन्ही टोकांना तोडून बंद केली. जुन्या बोर्डाला डीबीतून खरा अर्थ नेला. डब्यातले सांधे कनेक्टर लावून नवे केले, जळकं सॉकेट बदललं. मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरचं आवरण वीज किती रोखतं ते मोजणाऱ्या यंत्राने, सगळ्या लाइनी तपासल्या. किमान एक मेगओम हवा, जुनी स्वयंपाकघराची लाइन जेमतेम तीनवर आली, बाकीच्या कितीतरी वर. ती लाइन पुढच्या दिवाळीआधी बदला असं सांगून आलोय. शेगडी, मायक्रोवेव्ह आणि गीझर एकदम अर्धा तास चालवले, सॉकेटांना हात लावून पाहिला. गार.

आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायला काकूंना शिकवलं. ते बटण फक्त आरसीसीबीची हालचाल तपासतं. घरात अर्थ मुळीच नसला तरी तो टेस्टला पडतोच. त्यामुळे "बटण दाबलं, पडलं, म्हणजे अर्थिंग ठीक" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्याला आरसीसीबी वाचवत नाही, त्याच्या हिशोबात सगळं जुळतं.

राहिला सोसायटीचा अर्थचा खड्डा. तो पार्किंगमध्ये होता आणि त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले होते, त्यामुळे ऐन श्रावणातही आत पाणी जात नव्हतं. अर्थ टेस्टरने १८ ओम आले. पुण्याखाली काळा बेसाल्ट, वर मुरुमाचा थर, इथे खड्डा कोरडा पडला की अडथळा वाढतो. १८ ओममधून २३० व्होल्ट जास्तीत जास्त १२.८ अँपिअर ढकलतात. म्हणजे पत्र्याला फेज चिकटली तरी २० चा एमसीबी ढिम्म हलणार नाही. ३० मिलिअँपिअरवाला मात्र हलेल. अध्यक्षांना हा हिशोब कागदावर लिहून दिला. त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं चाललंच ना?" पुढच्या सभेत विषय येणार आहे. तोवर दोन ब्लॉक काढून खड्ड्यात पाणी घालायचं काम वॉचमनकडे दिलंय.

मुलाने आणलेली दीड एमएमची वायर दुकानदाराने परत घेतली नाही, ती माळ्यावर आहे. नारळी पौर्णिमेला काकूंनी नव्या सॉकेटावर शेगडी लावून नारळीभात केला आणि एक डबा भरून खालच्या बिऱ्हाडात पाठवला. कशाबद्दल ते सांगितलं नाही म्हणे.